न्यूपोर्टमधली तीन गाणी

२५ जुलै १९६५च्या रविवारी रात्री, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी चोवीस वर्षांचा एक गायक मंचावर आला. अंगात काळं लेदर जॅकेट, गळ्यात विजेवर चालणारी फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार, मागे ड्रम, बास आणि ऑर्गनची साथ. लोकसंगीताच्या याच महोत्सवात दोन वर्षांपूर्वी तो साधी लाकडी गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गायला होता आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. या वेळी बॉब डिलननं साथीदारांसह तीन गाणी म्हटली. सगळा मामला जेमतेम पाव तासाचा. समोरच्या हजारोंपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या, पुष्कळांनी हुर्यो उडवली, आणि डिलन आत निघून गेला. निवेदन करणाऱ्या पीटर यारो यांनी विनवण्या केल्यावर तो परतला तो एकटा, साधी गिटार घेऊन. पुढच्या गाण्याला लागणारा ‘ई’ पट्टीचा माउथ ऑर्गन त्याच्याजवळ नव्हता. कोणाकडे आहे का, असं त्यानं समोरच्या गर्दीलाच विचारलं. त्या रात्रीच्या चित्रफितीत पुढचा आवाज ऐकू येतो. अंधारातून माउथ ऑर्गन येऊन मंचाच्या फळ्यांवर आदळतात. ज्या गर्दीनं थोड्या वेळापूर्वी हुर्यो उडवली होती, तीच आता खिशातली वाद्यं त्याच्याकडे भिरकावत होती. आणखी दोन गाणी म्हणून तो गेला, आणि न्यूपोर्टच्या मंचावर पुन्हा यायला २००२ साल उजाडलं.

ही रात्र आजवर दोन तऱ्हांनी सांगितली गेली आहे. एका पक्षाच्या लेखी ती गद्दारी होती. कष्टकऱ्यांची, काळ्यांच्या हक्कांची गाणी गाणारा आपला माणूस बाजाराला विकला गेला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या पक्षाच्या लेखी ते बंड होतं, आणि जुन्याचा बांध फोडून रॉक संगीत त्या रात्री वयात आलं. भांडणाऱ्या या दोन्ही पक्षांचं एका बाबतीत मात्र एकमत आहे: डिलननं त्या रात्री परंपरेशी नातं तोडलं. मला हे एकमतच चुकीचं वाटतं. हुर्यो ज्या गोष्टीवर उडवली गेली ती परंपरेतलीच होती, आणि जी गोष्ट खरोखर तुटली ती आधीच्याच वर्षी, साध्या गिटारवर, टाळ्यांच्या गजरात तुटली होती. हे पटवायचं तर आधी दुखावलेल्यांची बाजू समजून घ्यायला हवी, कारण ती माणसं क्षुद्र नव्हती.

न्यूपोर्टच्या महोत्सवाला १९६३पासून ना-नफा रूप देण्यात आलं होतं. नामवंत असो की डोंगरातून पहिल्यांदाच खाली उतरलेला फिडलवादक, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाला पन्नास डॉलर, प्रवासखर्च आणि राहण्या-जेवण्याची सोय, इतकंच मिळे. या कल्पनेमागे पीट सीगर होते. अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे १९५५मध्ये त्यांनी आपल्या राजकीय मतांबद्दल उत्तरं द्यायचं नाकारलं. त्यापायी त्यांच्यावर खटला झाला, १९६१मध्ये शिक्षा सुनावली गेली आणि पुढल्या वर्षी वरच्या न्यायालयात ती रद्द झाली. पण टेलिव्हिजनची दारं त्यांना वर्षानुवर्षं बंद राहिली. ते शाळांमधून, कॉलेजांमधून, लहान मुलांच्या शिबिरांतून बँजो घेऊन गात राहिले. लोकगीत म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं, अशी त्यांची धारणा होती, आणि ती त्यांनी स्वतः किंमत मोजून जपली होती. १९६३च्या महोत्सवाच्या अखेरीला सीगर, जोन बाएझ, फ्रीडम सिंगर्स आणि बावीस वर्षांचा डिलन हात गुंफून एकत्र गायले. काळ्यांच्या हक्कांसाठीचा वॉशिंग्टनचा मोर्चा त्यानंतर महिन्याभरानं, २८ ऑगस्टला निघाला आणि तिथेही डिलन गायला. त्या चित्रात ज्यांनी आपलं भविष्य पाहिलं होतं, त्यांना दोनच वर्षांनी मंचावर अॅम्प्लिफायर गरजताना ऐकून काय वाटलं असेल, हे कळण्यासारखं आहे.

पण हा मुलगा आला कुठून, याकडे त्या घोळक्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. रॉबर्ट झिमरमनचं, म्हणजे पुढच्या बॉब डिलनचं, बालपण मिनेसोटा राज्यातल्या हिबिंग या लोहखनिजाच्या खाणींच्या गावात गेलं. शाळेत असताना त्यानं बँड काढले होते ते रॉक अँड रोलचे. १९५९च्या शालेय वार्षिकांकात त्याच्या नावापुढे महत्त्वाकांक्षा छापली आहे ती लिटल रिचर्डच्या बँडमध्ये जाण्याची. त्याच वर्षी ३१ जानेवारीला त्यानं डुलुथमध्ये बडी हॉलीला ऐकलं. तीन दिवसांनी हॉली विमान अपघातात गेला. २०१७मध्ये नोबेल व्याख्यान देताना डिलननं सुरुवात केली ती याच बडी हॉलीपासून. लोकगायक वुडी गथ्रींचं वेड लागलं ते मागाहून, मिनियापोलिसच्या कॉलेजात नावापुरता दाखल झाल्यावर. ते वेड इतकं खरं होतं, की जानेवारी १९६१मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि न्यू जर्सीतल्या रुग्णालयात हंटिंग्टनच्या विकारानं खंगत चाललेल्या गथ्रींना भेटून त्यांना त्यांचीच गाणी म्हणून दाखवू लागला. पण पहिलं प्रेम विजेच्या गिटारचं होतं. डिसेंबर १९६२मध्ये, म्हणजे त्याच्या गाजलेल्या निषेधगीतांची एलपी बाजारात यायच्या आधी, कोलंबिया कंपनीनं त्याची एक छोटी तबकडी काढली होती, ‘मिक्स्ड-अप कन्फ्यूजन’ नावाची. तिच्यात पूर्ण बँडची साथ आहे. ती कोणी विकत घेतली नाही, म्हणून कोणी रागावलंही नाही.

त्याहून महत्त्वाची आहे त्याची गाणी करण्याची रीत. जुन्या नाट्यपदांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं आपण पाहतो. डिलनच्या सुरुवातीच्या गाण्यांवर तसं छापायचं ठरवलं असतं तर जवळजवळ प्रत्येक गाण्यावर काही ना काही छापावं लागलं असतं. ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गुलामांच्या गाण्यावरून आली. ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’मधली प्रश्नोत्तरांची बांधणी ‘लॉर्ड रँडल’ या ब्रिटिश बॅलडमधली. तिथे आई आपल्या मरणाऱ्या मुलाला प्रश्न विचारते. इथे तेच प्रश्न जग पाहून आलेल्या मुलाला विचारले जातात आणि उत्तरांतून एक उद्ध्वस्त पृथ्वी उभी राहते. ‘मास्टर्स ऑफ वॉर’ला चाल ‘नॉटामन टाउन’ची. ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’मागे मार्टिन कार्थी यांच्याकडून लंडनमध्ये ऐकलेलं ‘स्कारबरो फेअर’. लोकगीत असंच तर टिकतं. गाणं हातात घ्यायचं, आपल्या काळाचं दुखणं त्यात भरायचं आणि पुढे द्यायचं. ही रीत विशीतल्या एका मुलानं इतकी अंगी मुरवली होती, याचं मला आजही नवल वाटतं.

आता त्या रात्रीच्या तीन गाण्यांकडे या रीतीनं पाहू. पहिलं गाणं ‘मॅगीज फार्म’. मालकाच्या शेतावर यापुढे राबणार नाही, असं बजावणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे. त्याच्या मागे ‘पेनीज फार्म’ उभं आहे. जमीनदाराच्या कचाट्यात सापडलेल्या कुळांचं हे गाणं बेंटली बॉइज यांनी १९२९मध्ये ध्वनिमुद्रित केलं, आणि हॅरी स्मिथ यांनी १९५२मध्ये फोकवेज कंपनीसाठी संपादित केलेल्या चौऱ्याऐंशी गाण्यांच्या संग्रहात ते आहे. हा संग्रह म्हणजे लोकसंगीतप्रेमी पिढीची पोथीच होती. सीगर यांनी स्वतः १९५०च्या आपल्या एलपीवर हे गाणं म्हटलं होतं. तिसरं गाणं, ज्याचं नाव पुढे बदललं, ते आगगाडीवरचं ब्लूज. जुन्या ब्लूजमधल्या ओळींचे तुकडे त्यात सर्रास सापडतात. ड्रमवर सॅम ले, बासवर जेरोम अर्नोल्ड. शिकागोत हाउलिन वुल्फसारख्या मातब्बर ब्लूज गायकाला साथ केलेले हे दोन काळे वादक. मंचावर त्या रात्री वेगळं काय होतं, तर विजेची तार. आणि तीही लोकसंगीतात नवी नव्हती. मडी वॉटर्स यांचं पहिलं ध्वनिमुद्रण १९४१मध्ये मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर झालं, आणि ते करणाऱ्यांत अॅलन लोमॅक्स होते. दोन वर्षांनी वॉटर्स शिकागोला गेले. तिथल्या दारूच्या गुत्त्यांमधल्या गलक्यात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यांनी विजेची घेतली. मळ्यातून शहरात आलेल्या लाखो काळ्या मजुरांबरोबर त्यांचं गाणंही आलं आणि शहराच्या आवाजात बोलू लागलं. तेच लोमॅक्स न्यूपोर्टला, डिलनच्या आदल्या दिवशी, विजेवर वाजवणाऱ्या बटरफिल्ड ब्लूज बँडची ओळख करून देताना इतकं टोचून बोलले, की डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन याच्याशी त्यांची धुळीत लोळून मारामारी झाली. ज्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून ही गाणी वाचवली, त्या थोर माणसाला गाणं गाव सोडून पुढे गेलेलं सोसत नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हुर्यो परंपरेसाठी नव्हतीच, ध्वनियोजना वाईट होती म्हणून होती. कुऱ्हाडीनं केबल तोडायला निघालेले सीगर, ही दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. सीगर यांनी पुढे सांगितलं, की आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, आणि जवळ कुऱ्हाड असती तर आपण केबल तोडली असती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. मंचावरची जुळवाजुळव घाईची होती आणि लोकांनी तीन गाण्यांसाठी एवढी वाट पाहिली नव्हती, हेही खरं. पण हे कारण पुरं पडत नाही. महिन्याभरानं न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समध्ये डिलननं अर्धा कार्यक्रम साध्या गिटारवर आणि अर्धा बँडसह केला. पहिला भाग लोकांनी शांतपणे ऐकला, दुसऱ्यात गोंधळ घातला. पुढे हेच गावोगाव झालं. १७ मे १९६६ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एकानं त्याला ‘ज्यूडास’ म्हणून हाक मारली. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचं नाव कोणी खराब स्पीकरसाठी घेत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्या रात्रीचं दुसरं गाणं, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’, न्यूपोर्टच्या पाचच दिवस आधी बाजारात आलं होतं आणि पुढे ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. डिलनला यश नको होतं असं मी म्हणणार नाही. त्याला ते हवं होतं. पण बाजारासाठी गाणं करणारा माणूस ते कसं करतो, आणि हे गाणं कसं झालं, हे शेजारी ठेवून पाहावं. रेडिओवर तीन मिनिटांच्या आतबाहेर गाणी चालत. हे सहा मिनिटांवर गेलं. १५ जून १९६५ला कोलंबियाच्या स्टुडिओत ते आधी वॉल्ट्झच्या तीन मात्रांत बसवून पाहिलं, आणि ते बसलं नाही. दुसऱ्या दिवशी अल कूपर नावाचा एकवीस वर्षांचा गिटारवादक निर्माते टॉम विल्सन यांचा पाहुणा म्हणून हजर होता. गिटारवर माइक ब्लूमफील्डचा हात ऐकून त्यानं आपली गिटार मिटवून ठेवली आणि ऑर्गनवर जाऊन बसला. ऑर्गन त्याला धड वाजवता येत नव्हता. इतरांचा कॉर्ड आधी कानांवर घ्यायचा आणि मगच बोटं टाकायची, असं तो करत गेला. त्यामुळे ऑर्गन किंचित मागून येतो. रेकॉर्ड आजही लावून पाहावी. गाण्याच्या अंगावर तो मागून चढत जाणारा सूर आहे तो एका नवख्याच्या धास्तीचा. डिलननं तो कमी करू दिला नाही, उलट वाढवायला सांगितला. त्या दिवसाची चौथी खेप पक्की झाली, तरी त्यानंतर कितीतरी खेपा करून पाहिल्या आणि एकही तिच्याजवळ गेली नाही. अशा गाण्याचा हिशोब आधी मांडता येत नाही. आणि पैशाचाच प्रश्न असेल तर सोपी वाट समोर होती: बर्ड्स या बँडनं त्याचंच ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ कापून, गोड करून जून महिन्यात पहिल्या क्रमांकावर नेलं होतं. ती वाट सोडून डिलन मे १९६६पर्यंत हुर्यो झेलत देशोदेशी गात राहिला. या दौऱ्यातला त्याचा ड्रमर लेव्हॉन हेल्म त्या हुर्योला कंटाळून १९६५च्या नोव्हेंबरातच घरी गेला.

मग तुटलं काय, आणि कधी? माझ्या मते ते गाण्याच्या व्याकरणात तुटलं. १९६३च्या डिलनचं एक गाणं घेऊ, ‘द लोन्सम डेथ ऑफ हॅटी कॅरोल’. त्या वर्षी फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या एका हॉटेलात विल्यम झँट्झिंगर या चोवीस वर्षांच्या श्रीमंत गोऱ्या मळेवाल्यानं हॅटी कॅरोल या काळ्या कामगार बाईवर छडी उगारली. ती मरण पावली, आणि ऑगस्टमध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. गाण्यात ती काळी होती आणि तो गोरा होता, असं एकदाही म्हटलेलं नाही. तिच्या कामाचं वर्णन येतं तिथे लागोपाठ तीन ओळी ‘टेबल’ या एकाच शब्दावर संपतात. यमक जुळवायला त्या बाईच्या आयुष्यात दुसरी वस्तूच नाही. असं गाणं कोणी घोळक्यानं म्हणत नाही. ते ऐकताना माणूस गप्प बसतो. म्हणजे आपल्या सर्वात उत्कट निषेधगीतातच डिलन ‘आपण सगळे’ या सुरापासून दूर निघाला होता. १९६४च्या न्यूपोर्टला तो साधी गिटार घेऊन उभा राहिला आणि त्यानं ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ व ‘इट एन्ट मी, बेब’ म्हटली. पहिलं एका जागरणाच्या भ्रमंतीचं, दुसरं तर सरळ सांगतं, की तुला हवा तो माणूस मी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपादक अर्विन सिल्बर यांनी मात्र ‘सिंग आउट!’ या लोकसंगीताच्या नियतकालिकात नोव्हेंबरमध्ये त्याला जाहीर पत्र लिहिलं: तुझी गाणी आता आतल्या आत वळू लागली आहेत, तू आमच्यापासून दूर चालला आहेस. ते बरोबर होते. जे तुटत होतं ते त्यांनी अचूक हेरलं होतं, आणि त्यात वीज कुठेच नव्हती. सामुदायिक गाण्याच्या जागी एका माणसानं दुसऱ्या माणसाला उद्देशून म्हटलेलं गाणं आलं होतं. हे नुकसान खरं होतं. ‘वी शॅल ओव्हरकम’ चार हजार माणसं एका श्वासात म्हणू शकतात; डिलनचं ‘डेसोलेशन रो’ एकट्यानंच ऐकावं लागतं. पण त्यातून इंग्रजी गाण्याला जे बोलता येऊ लागलं, संशय, मत्सर, उपहास, एकटेपणा, स्वतःचीच उलटतपासणी, ते आधी त्याच्या आवाक्यात नव्हतं, असं मी ठामपणे म्हणेन.

चळवळ सोडल्याचा आरोप त्यामुळे उरतोच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ६ जुलै १९६३ला डिलन मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला गेला होता. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांचा खून होऊन महिनाही झाला नव्हता. शेताच्या कडेला काळ्या मतदार-नोंदणी कार्यकर्त्यांपुढे तो जे गायला त्यात त्यानं खुन्यालाही कोणाच्या तरी हातातलं प्यादं म्हटलं होतं. त्या प्रसंगी, त्या श्रोत्यांपुढे असं म्हणायला धैर्य लागतं. असा माणूस पुढच्या मोर्चांत दिसेनासा झाला तर प्रश्न विचारलाच जाणार. मला एवढंच म्हणायचं आहे, की काळ्या तरुणांच्या चळवळीला स्वतःचा आवाज होता, आणि १९६६मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा झाल्यावर गोऱ्या गायकानं पुढे उभं राहावं ही अपेक्षा त्या चळवळीलाच उरली नव्हती. शिवाय डिलन पुरता गप्पही बसला नाही. १ ऑगस्ट १९७१ला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम केला, तिथे तो साधी गिटार घेऊन ‘हार्ड रेन’ गायला. खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असलेल्या रुबिन कार्टर या मुष्टियोद्ध्यासाठी १९७५मध्ये त्यानं आठ मिनिटांचं गाणं केलं; कार्टरची शिक्षा १९८५मध्ये रद्द झाली.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. ज्या रीतीचं मी कौतुक केलं, तिचा दुसरा अर्धा भाग त्यानं पाळला नाही. ‘वी शॅल ओव्हरकम’ची नोंदणी सीगर आणि इतर तिघांच्या नावे झाली, पण रॉयल्टी चळवळीच्या निधीत जाईल अशी व्यवस्था केली गेली. डिलनची गाणी त्याच्या एकट्याच्या नावावर राहिली आणि जुन्या चालींचे निनावी धनी निनावीच राहिले. ‘चाल : अमुक’ एवढं छापायला शाई फारशी लागली नसती. यानं गाणी लहान होत नाहीत. पण न्यूपोर्टला ज्यांनी त्याला जाब विचारला त्यांनी हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर देणं त्याला अवघड गेलं असतं.

२९ जुलै १९६६ला वुडस्टॉकजवळ त्याला मोटरसायकलचा अपघात झाला आणि दौरे थांबले. पुढचं वर्ष तो आपल्या बँडच्या मुलांबरोबर एका गुलाबी घराच्या तळघरात जुनी गाणी वाजवत बसला: बॅलड, खलाशांची गाणी, भजनं, ब्लूज. वर्षाअखेर आलेल्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’च्या वेष्टनावर त्याच्या शेजारी बंगालचे दोन बाउल गायक उभे आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. त्याआधी, ३ ऑक्टोबर १९६७ला, वुडी गथ्री वारले. २० जानेवारी १९६८ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. जवळजवळ वीस महिन्यांनी डिलन लोकांसमोर आला. पीट सीगर त्याच मंचावर होते. बाकीचे कलावंत साध्या वाद्यांवर गायले. डिलन बँड घेऊन आला, विजेच्या तारा जोडल्या गेल्या, आणि ठेक्यावर, जोरात त्यानं तीन गाणी म्हटली. तिन्ही गथ्रींची होती.